परक्या विणीचा पाहुणा

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. भूत, पिशाच, झपाटणे या विषयांवर माझा कधीही विश्वास नव्हता. मी श्रद्धावान आहे. संध्या आणि पितृतर्पण गेल्या साठ वर्षांत चुकलेले नाही. वाईला गुरुगृही राहून संस्कृत शिकलो आणि पुढे भोरच्या शाळेत तोच विषय तीस वर्षे शिकवला. परंतु श्रद्धा निराळी आणि घाबरटपणा निराळा, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. वयाच्या शहात्तराव्या वर्षी हे लिहितो आहे, ते कोणी म्हातारपणाचा भ्रम समजू नये... म्हणून आधी सांगितले.

माझी कन्या मधुरा नेदरलँड्समध्ये, समुद्रकाठच्या एका लहानशा गावी राहते. पत्नीच्या निधनानंतर तिने मला तीन महिने तिकडे नेले होते. गावाचे नाव देत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्याचा त्या लोकांना उपद्रव नको. गाव वाळूच्या टेकड्यांच्या आड वसलेले आहे. टेकड्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून लोक त्यांवर गवत लावतात, अगदी आपण बांधावर लावतो तसे, एकेक जुडी हाताने खोचून. पूर्वी तिथे बंदर नव्हते. सपाट तळाच्या जड होड्या घोड्यांकडून वाळूवर ओढून ठेवीत. पुढे शहरातील श्रीमंतांना समुद्रस्नान आरोग्यदायी असल्याचा शोध लागला, आणि कोळ्यांच्या त्या गावात हॉटेले उभी राहिली. स्त्रियांना कोणी पाहू नये म्हणून चाकांच्या लाकडी खोल्या असत. घोडा ती खोली पाण्यात नेई, आणि बाई आतल्या आत कपडे बदलून मागच्या पायऱ्यांनी समुद्रात उतरे. आज त्याच वाळूवर कॉफीची दुकाने आहेत, आणि नववर्षाच्या दिवशी शेकडो माणसे नारिंगी टोप्या घालून बर्फासारख्या पाण्यात उड्या मारतात. मधुराने मला त्याचा व्हिडिओ दाखवला. आपल्याकडच्या माघस्नानाची आठवण झाली, फक्त त्यात हसणे अधिक होते.

हे सर्व मला मधुराच्या शेजारीण योहानाबाई यांनी सांगितले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, हातात सदैव लोकरीच्या सुया. त्यांच्या आजीच्या मालकीच्या तसल्या दोन स्नानखोल्या होत्या. त्या डच भाषेत बोलत, मधुरा मराठीत सांगे. आमचे विशेष जमले ते एका कारणाने. त्यांच्या गावाचे पहिले देऊळ, म्हणजे चर्च, समुद्राने गिळले आहे. ओहोटीला पूर्वी त्याचा पाया दिसे म्हणतात. माझ्याही पूर्वजांचा नीरेवरचा घाट देवघर धरणाच्या पोटात गेला. "म्हणजे आपण दोघेही पाण्याखालच्या गावचे," असे त्या म्हणाल्या होत्या.

त्या गावची एक रीत इथे सांगणे आवश्यक आहे. त्या किनाऱ्यावर प्रत्येक गावाची स्वेटरची वीण वेगळी. कोणाची दोरखंडाच्या पिळाची, कोणाची जिन्यासारखी, योहानाबाईंच्या गावाची माशाच्या काट्यासारखी. हौस म्हणून नव्हे. समुद्रात बुडालेला माणूस पुष्कळ दिवसांनी दूर कुठे किनाऱ्याला लागतो तेव्हा चेहरा उरलेला नसतो. लोकर मात्र टिकते. विणीवरून गाव कळते, आणि तळाच्या पट्टीवरच्या आईच्या खुणेवरून घर. ज्याची वीण कोणालाच ओळखता येत नाही त्यालाही परत लोटीत नाहीत. गावातली माणसे फळीवर घालून, खांदा देऊन, टेकडीमागच्या जमिनीत त्याला जागा देतात. दगडावर नाव नसते. मी ती दफनभूमी पाहिली आहे, आणि तिथे हात जोडले आहेत.

योहानाबाईंचा थोरला भाऊ विलेम ऐन तारुण्यात मासेमारीला गेला तो परतला नाही. देह मिळाला नाही. हे सांगून त्या म्हणाल्या की समुद्राने ज्याला परत दिले नाही, त्याचे नाव आमच्या घरात पाण्याजवळ कोणी घेत नाही. का, असे मी विचारले. त्या सुया चालवीत राहिल्या. मग इतकेच म्हणाल्या, "हाक मारली की कोणीतरी येतं."

मी मनात म्हटले, बिचारीला शास्त्र ठाऊक नाही. साठ वर्षे त्या जीवाला कोणी ओंजळभर पाणी दिलेले नाही. मी देईन. त्यांनी हे कधीही मागितले नव्हते... मी स्वतः होऊन, त्यांना न विचारता, पुण्य समजून ठरवले. हा माझा पहिला अपराध.

मी सध्या हिर्डोशीच्या अलीकडे, धरणाच्या पाण्यावरच्या चढावर लहानसे घर बांधून राहतो. पूर्वजांचा घाट पाण्याखाली असल्याने सर्वपित्री अमावस्येला मी होडीने त्या जागेवर जातो आणि तिथे तर्पण करतो. होडी सखारामची. पन्नाशीचा, सडपातळ, पलीकडच्या वाडीतली माणसे अलीकडे एस.टी.साठी आणून सोडतो. रस्त्याने वळसा घालायचा तर चार तासांची पायपीट. होडीच्या बाहेरून त्याने पिवळ्या रंगाचा एक पट्टा ओढलेला आहे. पट्टा पाण्याला टेकला की एकही माणूस जास्त घ्यायचा नाही, हा त्याचा नियम, आणि तो नियम त्याने आमदाराच्या माणसांसाठीही मोडलेला नाही.

नेदरलँड्सहून परतल्यानंतरच्या पहिल्या सर्वपित्रीला सकाळी दहाच्या सुमारास आम्ही घाटाच्या जागेवर पोहोचलो. जानवे अपसव्य केले, तीळ आणि दर्भ घेतले, माझे पितर, मातामह, गुरू, पत्नी, सर्वांना जल दिले. नंतर विलेमचा नामोच्चार केला. गोत्र अज्ञात असता काश्यप म्हणावे, तसे म्हटले आणि तीन अंजली सोडल्या. शेवटी ज्यांना कोणीच नाही, अशा सर्वांसाठी एक अंजली असते. ती राहिली होती. तेवढ्यात वरंधा घाटाच्या बाजूने काळे ढग उतरले, वारा सुटला. सखाराम म्हणाला, गुरुजी, आवरा आता. मी आवरले. ती एक अंजली उद्या काठावरून देऊ, असा विचार केला. हा दुसरा अपराध, आणि तो मला तिसऱ्या दिवसापर्यंत आठवलासुद्धा नाही.

परतताना सखाराम वल्ही मारीत होता आणि होडी पुढे सरकत नव्हती. वारा पाठीचा होता. तो थांबला, वाकून बाहेर पाहिले आणि अगदी सावकाश म्हणाला, "गुरुजी, होडी जड झालीया. चढलं तर कोण न्हाई."

पिवळा पट्टा पाण्याखाली गेला होता. होडीत आम्ही दोघे, एक तांब्या आणि तिळाची पुडी. तळ कोरडा.

दुसऱ्या दिवशी घटस्थापनेची पूजा आटोपतो तोच सखाराम अंगणात आला. होडी आणखी चार बोटे खाली गेली होती. रात्री त्याने ती भावाच्या मदतीने काठावर ओढून तळ तपासला. कुठे चीर नाही, आणि काठावर ती नेहमीसारखी हलकी. सकाळी पाण्यात घातली की पुन्हा बसली. पलीकडच्या बायकांना त्याने दोन-दोन करून आणले, तर त्या कुरकुरल्या, वाडीतल्या एका म्हातारीने तर सर्वांदेखत विचारले, "सख्या, गाभण हाय का रं तुजी होडी?" सगळ्या हसल्या. सखाराम मात्र हसला नव्हता. खालच्या आवाजात तो मला म्हणाला, "गुरुजी, माजी सासुरवाडी महाडाकडं, खाडीवर हाय. होडीत तसला वास येतोय. खाऱ्या पाण्याचा."

मी त्याच्याबरोबर खाली गेलो. हा सगळा मनाचा खेळ आहे हे त्याला सिद्ध करून दाखवावे म्हणून होडीच्या कडेचे पाणी तळहातावर घेतले आणि आचमन केले.

ते मी थुंकले. साठ वर्षांत आचमनाचे पाणी मी कधी थुंकलेले नाही. पाणी खारट होते, मिठाचा खडा जिभेवर ठेवावा इतके. चार पावलांवर जाऊन पुन्हा घेतले, तर नीरेचे गोड पाणी. 

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन लख्ख होते, पाणी आरशासारखे. मी काठावर उभा होतो. सखाराम पलीकडून एकटाच रिकामी होडी घेऊन येत होता. माणसे घ्यायला तो आता धजत नव्हता, आणि तिकडून लोक त्याला दारू चढली का म्हणून ओरडत होते. होडी जवळ आली. होडीत एक माणूस होता. पाण्यातल्या प्रतिबिंबात दोन होते.

मी डोळे मिटले, गायत्री म्हटली, पुन्हा पाहिले. मोतीबिंदू काढल्यापासून माझी दूरची नजर उत्तम आहे, दुर्दैवाने. मागच्या आडव्या फळीवर, जिथे वर होडीत काहीच नव्हते, तिथे खाली पाण्यात कोणीतरी बसले होते. पाठमोरे. मान खाली घातलेली, पावसात भिजलेला माणूस घालतो तशी. अंगात गडद निळा लोकरीचा स्वेटर. होडी काठाला लागेपर्यंत मी त्याच्या पाठीवरची वीण पाहत होतो. दुसरीकडे पाहणे शक्यच नव्हते. पाण्यावर तरंग उठले, सगळे मोडले, पुन्हा जुळले, आणि तो तसाच बसलेला.

सखारामने माझा चेहरा पाहिला आणि मागे वळून न पाहता काठावर उडी मारली. "काय दिसलं ते सांगू नगा," तो म्हणाला. "मला रोज ह्याच पाण्यावर पोट भरायचंय." जरा वेळाने पुन्हा म्हणाला, "उद्या बाजार हाय, गुरुजी. पंधरा माणसं येत्यात काठाला. म्या न्हाई म्हटलं तरी पोरं होडी सोडून घेत्याल."

मला ते कळत होते. होडीची कड आता पाण्यावर जेमतेम वीतभर उरली होती. पलीकडची माणसे, त्यांची ओझी, कडेवरची मुले... आणि हे सर्व माझ्या एका अनाहूत पुण्यामुळे. मी घरी आलो आणि मधुराला फोन लावला. तिला वाटले माझी प्रकृती बिघडली आहे. सर्व ऐकल्यावर ती फोन घेऊन शेजारी गेली. पडद्यावर योहानाबाई दिसल्या. मी हात जोडून अपराध सांगितला. मधुरा डचमध्ये सांगत गेली, आणि त्यांच्या सुया थांबल्या. तीन महिन्यांत त्या सुया थांबलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

त्यांनी मला दोष दिला नाही. एकच गोष्ट विचारली. वीण कशी होती?

मी आठवून सांगितले. खांद्याखाली दोरखंडासारखे पीळ, दोन पिळांच्या मध्ये उभे चौकोन, शंकरपाळ्यांसारखे. डाव्या बाहीचा खालचा भाग फिकट लोकरीने पुन्हा विणलेला.

"माशाचा काटा?" मधुराने त्यांच्या वतीने विचारले.

नव्हता. कुठेही नव्हता.

योहानाबाईंनी विणकाम बाजूला ठेवले. मग बोलल्या, आणि मधुराने ते सांगताना आवाज इतका खाली आणला की मला पुन्हा विचारावे लागले. "बाबा, त्या म्हणताहेत, हा विलेम नाही. ही आमच्या गावाची वीणच नाही. कुणाची आहे, त्यांना माहीत नाही."

 तेव्हा मला ती न दिलेली अंजली आठवली. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी ठेवलेले पाणी मी दिले नव्हते, आणि दुसऱ्याच्या नावाने मारलेल्या हाकेला त्यांच्यातला कोणीतरी उठून आला होता. विलेम आला असता तर निदान त्याला काय म्हणून संबोधावे हे मला ठाऊक होते. हा कोण होता? कुठून, किती वर्षे वाट पाहून आला होता? आणि त्याला हवे काय होते?

त्याचे उत्तर योहानाबाईंनी दिले. परका किनाऱ्याला लागला की तो कोणाचा हे आम्ही विचारत बसत नाही, असे त्या म्हणाल्या. तो स्वतः होऊन उतरत नाही, कारण त्याला कोणी ‘या’ म्हटलेले नसते. उचलून आणावे लागते. खांदा द्यावा लागतो. पाणी पोहोचणार नाही अशी जमीन द्यावी लागते.

रात्रभर मी शास्त्राशी भांडलो. आमच्याकडे दहन आहे, देह न मिळाल्यास दर्भाचा पुतळा जाळण्याचा पुत्तलविधी आहे, नारायणबली आहे. पुरण्याचा विधी मला येत नव्हता आणि आजवर मी कोणाला पुरलेले नव्हते. पण नारायणबलीला लागणाऱ्या दिवसांत पंधरा माणसे पाण्यात गेली असती. पहाटे मी ठरवले की ज्याचा पाहुणा आहे त्याच्या रीतीने करावे.

उजाडताच सखाराम कुदळ-फावडे घेऊन आला. धरण पूर्ण भरल्यावर पाणी येते त्या रेषेच्या बऱ्याच वर, एका जांभळीखाली, त्याने खड्डा खणला. खाली आलो तेव्हा खुंटीला बांधलेली रिकामी होडी जवळजवळ बुडालेली होती. कड पाण्यावर दोन बोटे. ओढून पाहिली, तर इंचभरही हलेना. पलीकडच्या काठावर बाजाराची माणसे जमू लागली होती, त्यांचे बोलणे पाण्यावरून ऐकू येत होते.

मी धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात गेलो. पाणी खारट आणि विलक्षण थंड होते. देवघरचे पाणी आश्विनात असे नसते. काय बोलावे ते सुचेना. त्याची भाषा मला येत नव्हती आणि संस्कृत त्याला काय कळणार. शेवटी दारात आलेल्या माणसाला म्हणतो तेच म्हणालो, "या. उतरा. इथे तुम्हाला जागा आहे."

मागची आडवी फळी आम्ही दोघांनी खाचेतून वर उचलली. एरवी ती फळी एका हाताने काढता येते. त्या सकाळी ती उचलताना सखारामच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. खांद्यावर घेतली तेव्हा माझे गुडघे वाकले... आणि माझ्या डाव्या गालाला ओली लोकर लागली. हे मी अलंकाराने लिहीत नाही. लोकर लागली. तिच्यातून पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होते, आणि माशांचा, डांबराचा, फार जुन्या ओलीचा वास येत होता. मी मान वळवली नाही. चाळीस-एक पावले असतील. त्या चाळीस पावलांत मी देवाचे नाव घेतले नाही, कारण त्या क्षणी कोणाचेही नाव घेण्याची मला भीती वाटत होती.

सखाराम पुढे होता. तो मध्येच पुटपुटला, "गुरुजी, सोडू नगा. माज्या पाठीवर हात ठेवलाय त्यानं."

मी सोडली नाही. खड्ड्यापाशी फळी खाली ठेवली आणि तिने तळाला टेकताच वजन गेले. इतके अकस्मात गेले की आम्ही दोघेही तोल जाऊन बसलो. आत एक साधी ओली फळी पडली होती. आम्ही माती लोटली, वर एक दगड ठेवला, आणि राहिलेली ती अंजली मी तिथे दिली. खाली पाहिले तर होडी मोकळी डुलत होती आणि पिवळा पट्टा पाण्याच्या वर कोरडा दिसत होता. दुपारपर्यंत सखारामने पंधरा माणसे सुखरूप आणली. मागची फळी कुठे गेली म्हणून त्याला म्हातारीच्या शिव्या खाव्या लागल्या.

माझे उपरणे वाळल्यावर डाव्या बाजूला मिठाचा पांढरा थर आला होता. भोरच्या एका निवृत्त इंजिनिअर मित्राने सांगितले की जुने लाकूड पाणी पिऊन जड होते, खडकातले क्षार कधी उसळून वर येतात, आणि नवरात्राच्या उपवासात माणसाला काहीही दिसू शकते. असेलही. परंतु पाणी प्यायलेले लाकूड काठावर हलके कसे होते, आणि मी कधीही न पाहिलेली वीण मला का दिसली?  मधुराने तिकडच्या संग्रहालयांतून चौकशी केली. ती वीण अद्याप कोणी ओळखलेली नाही.

यंदाच्या सर्वपित्रीला मी होडी मागितली नाही. काठावरच बसलो. सखाराम चहा घेऊन आला, शेजारी बसला, आणि त्याने आधीच होडी पाण्यातून ओढून पार जांभळीपर्यंत वर आणून ठेवल्याचे माझ्या लक्षात आले. मी तिकडे पाहिलेले त्याने पाहिले.

"तुमच्यावर राग न्हाई, गुरुजी," तो म्हणाला. "तुमचं आटपू द्या. मग घालतो पाण्यात."

मी माझ्या माणसांची नावे मनातल्या मनात घेतली, ओठ न हलवता. सर्व अंजली दिल्या, शेवटचीही. नंतर आम्ही दोघे तासभर तिथेच बसून पाण्याकडे पाहत होतो. मग सखारामने होडी पाण्यात घातली, एकही माणूस न घेता काठावर उभा राहिला, आणि पिवळ्या पट्ट्यापाशी बोट लावून पुष्कळ वेळ थांबला.